अस्वस्थ व्हा, प्रवेश मोफत

मे महिन्यात बडनेऱ्याच्या माणसाला अस्वस्थ करून दाखवीन, अशी प्रतिज्ञा करणारा मुलगा माझा सख्खा पुतण्या आहे, हे आधीच सांगून टाकतो. गावात ते सगळ्यांना ठाऊक आहे, तेव्हा लपवून उपयोग नाही. तो मुंबईला चित्रकलेच्या कॉलेजात शेवटच्या वर्षाला आहे. चित्रकला आपली नावाला. त्याच्या हातात ब्रश अलीकडे आमच्यापैकी कुणी पाहिलेला नाही. पूर्वी पोळ्याला तो बैलजोडी काढून द्यायचा आणि सारी गल्ली ती दारावर चिकटवायची. आता "काय काढतोस रे सध्या?" असं विचारलं तर म्हणतो, "काढत नाही, मोठे बाबा. प्रोजेक्ट डेव्हलप करतोय."

यंदाच्या प्रोजेक्टचा विषय होता माणसाची ज्ञानेंद्रियं आणि अस्वस्थता. प्रेक्षक आत आला पाहिजे, त्याच्या कम्फर्टला तडा गेला पाहिजे, आणि तो स्वतःच्या शरीराबद्दल जागा झाला पाहिजे, असं त्यानं मला गच्चीवर रात्री साडेअकराला समजावून सांगितलं. आम्ही गच्चीवर होतो, कारण खाली कूलरचा पंप जळाला होता.

"इथीसा कोन झोपून रायलं बाप्पा, जागं करायले?" माझी बायको म्हणाली आणि तिनं उशीची चौथी बाजू शोधायला सुरुवात केली. तीन तापल्या होत्या.

पोरगं अभ्यास करून आलं होतं, हे मात्र कबूल. सोबत जाडजूड पुस्तकं. त्यांतली एक बाई मरीना अब्रामोविच. १९७४ साली नेपल्समध्ये तिनं टेबलावर बहात्तर वस्तू मांडल्या. गुलाब होता, मध होता, पीस होतं, कात्री होती, पिस्तूल होतं, गोळीही होती. आणि लोकांना सांगितलं की सहा तास मी वस्तू आहे, तुम्हाला वाटेल ते करा. लोक आधी लाजले, मग धीट झाले, शेवटी शेवटी भयंकर झाले. पुतण्या हे सांगताना शहारला. बायकोनं शांतपणे विचारलं, "थे बाई सहा घंटे उभी रायली, अन् कोनी पानी नाई पाजलं?" नंतर म्हणाली, "आपल्या इकडं नवरी अशीच उभी असते. वैशाखात, शालू नेसून, स्टेजवर. जो येते तो हात लावून जाते, अन् फोटोवाला म्हनते, हासा."

त्याच बाईनं १९७७ मध्ये बोलोन्याच्या एका कलादालनाच्या दारात आपल्या जोडीदारासह आणखी एक प्रयोग केला. दोघं समोरासमोर, अंगावर वस्त्र नाही, मधे जेमतेम फट. आत जायचं तर दोघांच्या मधून अंग चोरून जा. दीडेक तासात पोलिसांनी तो बंद पाडला. मी आयुष्यभर रेल्वेच्या पार्सल ऑफिसात काम केलेला माणूस. जनरल डब्याचं दार मी जवळून पाहिलेलं आहे. तिथं दोघं नसतात, अकरा असतात, सगळे कपड्यांत असतात, एकाच्या डोक्यावर फुलकोबीचं पोतं असतं, आणि त्या फटीतून आत जाणाऱ्याच्या काखेत लेकरू असतं. ते लेकरू झोपलेलं असतं. कलेच्या दृष्टीनं बोलोन्याचा प्रयोग मोठा असेलही. पण त्यात सामान नव्हतं.

या सगळ्या पुस्तकांतला मला मनापासून पटलेला माणूस म्हणजे मुंबईचे तुषार जोग. २०१८ साली ते गेले. त्यांनी 'युनिसेल पब्लिक वर्क्स सेल' नावाचं एक खातंच काढलं होतं. खातं कसलं, सरकारी खात्याचं बेमालूम सोंग. लोकलला लोंबकळणाऱ्यांसाठी अंगावर चढवायची साधनं त्यांनी या खात्यातर्फे तयार केली, अगदी गंभीर चेहऱ्यानं. जोगांनी नवी अस्वस्थता बनवायच्या भानगडीत न पडता, जी आहे तिलाच खातं नेमून दिलं. मी पुतण्याला म्हटलं, असं काहीतरी कर. तो म्हणाला, "ते झालंय, मोठे बाबा." हल्लीच्या कलेत हीच पंचाईत आहे. आमच्या वेळी झालेलं पुन्हा करायलाच कला म्हणायचे.

जागा मिळाली. स्टेशनच्या बाजूला एका ओळखीच्या माणसाचं कापसाचं जुनं गोदाम, वर टिनं, आत कबुतरं. ताडपत्र्या टांगून त्याचे कप्पे केले. शेजारचे संस्कृतचे निवृत्त सर पाहायला आले आणि विषय ऐकून खूश झाले. म्हणाले, हे नवीन नाही. नाट्यशास्त्रात आठ रस आहेत आणि त्यांत बीभत्स आहे, भयानक आहे. किळस हा बीभत्साचा स्थायीभाव, निळा त्याचा रंग, महाकाल त्याची देवता. पुतण्यानं त्याच दुपारी एक भिंत निळ्या डिस्टेंपरनं रंगवून काढली. दुसऱ्या दिवशी सर पुन्हा आले, भिंतीकडे पाहिलं आणि म्हणाले, "बाळा, एक सांगायचं राहिलं. भरताचा प्रेक्षक किळस चाखतो. तुझ्या प्रेक्षकाला ती सोसायची आहे. या दोहोंच्या मधे जे असतं त्याला नाटक म्हणतात." पुतण्यानं वहीत लिहून घेतलं. भिंत निळीच राहिली.

उद्घाटन नवतपात ठेवलं. सूर्य रोहिणीत शिरतो, साधारण पंचवीस मेच्या सुमारास, ते नऊ दिवस आमच्याकडे कुणी काही ठेवत नाही, म्हणून हॉल, खुर्च्या, मांडववाला, सगळं स्वस्तात मिळतं.

पहिला कप्पा उष्णतेचा होता. चारी बाजूंनी हॅलोजन, मधे उभं राहायचं. पुतण्यानं आत थर्मामीटर लावलं होतं. ते बेचाळीस दाखवत होतं. बाहेर सावलीत पंचेचाळीस होतं. लोक खिशात कांदा, तोंडाला दुपट्टा, अशा थाटात उन्हातून यायचे, त्या कप्प्यात शिरायचे आणि दुपट्टा सोडून म्हणायचे, "आत बरं वाटून रायलं." दोन म्हातारे तिथं सतरंजी टाकून बसले. त्यांना उठवायला पुतण्याला हॅलोजन बंद करावे लागले. मग ते म्हणाले, "राहू दे ना बे, उजेड होता तं पेपर वाचता येत होता."

दुसऱ्या कप्प्यातलं यंत्र मात्र खरंच अजब होतं. १८९६ साली थुनबर्ग नावाच्या स्वीडिश माणसानं शोधलेली गंमत. गार आणि कोमट नळ्या आळीपाळीनं शेजारी ठेवायच्या, गार म्हणजे वीस अंश, कोमट म्हणजे चाळीस. एकेकटीला हात लावला तर काहीच नाही. सगळ्यांवर एकदम हात टेकवला की मेंदू बोंबलतो, भाजलं! भाजलेलं काहीच नसतं. गार आणि कोमट यांच्या बातम्या एकमेकींत मिसळून तिसरीच बातमी छापली जाते. पुतण्यानं तांब्याच्या नळ्या आणल्या, एका बाजूला बर्फाचं पाणी फिरवलं. दुसऱ्या बाजूला हिटर लावणार होता. मी म्हटलं, गच्चीवरच्या टाकीचं पाणी घे. ते इतकं तापलेलं निघालं की चाळिसावर आणायला त्यात माठातलं पाणी मिसळावं लागलं.

यंत्र चाललं. पहिल्या माणसानं हात ठेवला आणि ओरडून काढला. पुतण्याच्या डोळ्यांत पाणी आलं. सापडला एकदाचा अस्वस्थ प्रेक्षक! तो माणूस बाहेर गेला आणि चार मित्र घेऊन आला. तासाभरात रांग लागली. पोट्टे पैजा मारू लागले, कोण किती वेळ हात ठेवतो. संध्याकाळी एक आजी आली, तिनं कोपरापासून हात नळ्यांवर ठेवला आणि डोळे मिटले. बऱ्याच वेळानं म्हणाली, "शेक चांगला हाये. गुडघ्याले लावता येते काय?" दुसऱ्या दिवसापासून त्या कप्प्यासमोर सांधेदुखीवाल्यांची वेगळी रांग करावी लागली.

आवाजाच्या कप्प्याबद्दल मला आधीपासून शंका होती. पाटीवर नख ओढल्याचा आवाज माणसाला का सोसवत नाही, यावर १९८६ मध्ये अमेरिकेत तिघांनी रीतसर संशोधन केलं, आणि वीस वर्षांनी, २००६ मध्ये, त्यांना त्यासाठी इग नोबेल मिळालं, म्हणजे हसवणारं नोबेल. पुतण्यानं तसले सगळे आवाज गोळा केले होते: खडू, स्टीलची थाळी, ब्रेकची किंकाळी, इंजिनाचा भोंगा. पण बडनेरा जंक्शन आहे. १८६७ ला लोहमार्ग नागपूरला जाऊन भिडला, तेव्हापासून हे गाव शंटिंगच्या आवाजात जन्मतं, शिकतं, लग्न करतं. रेल्वे क्वार्टरमध्ये आयुष्य गेलेला एक जण त्या कप्प्यात पाच मिनिटांत घोरू लागला. टेप संपली तेव्हा दचकून उठला: "काय झालं? गाडी थांबली काय?"

वासाचं थोडक्यात सांगतो. सिसेल तोलास नावाच्या नॉर्वेच्या बाई घाबरलेल्या माणसांच्या घामाचा वास भिंतीला लावून प्रदर्शन भरवतात. पुतण्यानंही काहीबाही कुजवून डब्यांत भरलं होतं. नाकाची रीत अशी की एकच वास सतत आला तर काही मिनिटांनी ते त्याची नोंद घेणं सोडून देतं. आमचं नाक तर नोंद सुरू करण्याआधीच सोडतं. मी स्वतः पार्सल ऑफिसात वासावरून बिल्टी ओळखायचो, तरी त्या कप्प्यात मला फक्त डिस्टेंपरचा वास आला.

चवीचं खातं बायकोनं स्वतःकडे घेतलं. पुतण्या तिला शास्त्र सांगत होता: मिरचीतला तिखट पदार्थ जिभेवरच्या एका विशिष्ट दाराला जाऊन भिडतो, आणि तेच दार त्रेचाळीस अंशांच्या वरच्या उष्णतेनंही उघडतं, म्हणून मिरची खाल्ली की तोंड भाजल्यासारखं वाटतं. डेव्हिड ज्युलियस यांनी १९९७ मध्ये हे दार शोधून काढलं आणि २०२१ चं नोबेल त्यांना आर्देम पतापुटियन यांच्यासोबत मिळालं. "म्हणजे बघ मोठी आई, मिरची मेंदूला खोटं सांगते की भाजलं."

"खोटं काहून? तवा लालभडक होता," बायको म्हणाली. तिनं हिरव्या मिरच्या, लसूण आणि शेंगदाणे तव्यावर भाजून खलबत्त्यात ठेचले. प्रत्येकाला भाकरीच्या तुकड्यावर नखाएवढा ठेचा द्यायचा, आणि त्याच्या चेहऱ्याचा व्हिडिओ घ्यायचा, अशी योजना. चेहऱ्यांवर काही उमटेना. पहिल्या पाहुण्यानं तुकडा खाल्ला, विचार केला आणि म्हणाला, "मीठ कमी हाये." दुसरा म्हणाला, "यात तेल सोडा जराकसं." तिसरा घरून भाकऱ्या घेऊन आला. दुपारपर्यंत तिथं पंगत बसली होती, कुणीतरी कांदे फोडत होतं, आणि व्हिडिओत नुसते चावणारे जबडे.

हे सगळं होऊनही पोरगं खचलं नाही. रात्री त्यानं आम्हाला कोचीच्या बिनालेतलं एक काम दाखवलं, फोनवर. २०१६ च्या त्या बिनालेची मांडणी मुंबईच्या सुदर्शन शेट्टींनी केली होती. चिलीचे कवी राउल सुरिता यांनी एका मोठ्या गोदामात समुद्राचं पाणी भरलं होतं, आणि त्यातून चालत जाऊन पलीकडच्या भिंतीवरची कविता वाचायची. बायको म्हणाली, "मे महिन्यात आपल्या इकडं असं पानी भरलं तं लोक बाहेरच निघनार नाईत." आम्ही हसलो. मग पुतण्यानं सांगितलं की ते काम गालिप कुर्दीला अर्पण केलेलं आहे. सीरियातून पळताना समुद्रात बुडालेल्या ज्या छोट्या आयलानचा किनाऱ्यावरचा फोटो साऱ्या जगानं पाहिला, त्याचा हा थोडा मोठा भाऊ. तोही बुडाला. त्याचा फोटो कुणी पाहिला नाही. "काय नाव म्हनलं त्या लेकराचं?" बायकोनं पुन्हा विचारलं. तिनं ते दोनदा म्हणून पाहिलं आणि फोन त्याच्याकडे परत दिला. मला वाटतं, पुतण्या मुंबईला जाऊन काय शिकतो, हे त्या रात्री तिला जरासं कळलं. मला कळायला आणखी एक दिवस लागला.

तिसऱ्या दिवशी अंधाराच्या कप्प्यात एक पाहुणे आले. गाड्यांमधून पेन आणि कंगवे विकतात, जन्मापासून अंध. आत डोळे बांधून टेबलावरच्या वस्तू चाचपायच्या होत्या: वाळू, लोकर, रेजमाल, साबुदाण्याचा चीक. इटलीच्या मारिनेत्तीनं १९२१ मध्ये स्पर्शाच्या कलेचा जाहीरनामा काढला होता, त्या चालीवरचं हे टेबल. बाकीचे लोक तिथं किंचाळत होते, हे मी प्रामाणिकपणे नोंदवतो. या एका टेबलाला थोडं यश होतं. हे गृहस्थ आत गेले आणि लगेच बाहेर आले. पुतण्यानं विचारलं, "अंधारात कसं वाटलं?"

"अंधार होता काय? मले कोनी सांगतलं नाई."

मग त्यांनी वाळू कुठल्या नदीची, रेजमाल किती नंबरचा, चीक किती शिळा, हे सांगितलं, आणि शेवटी म्हणाले की टेबलावरची ब्रेलची पट्टी उलटी चिकटवली आहे. ते 'स्पर्शज्ञान' वाचतात. स्वागत थोरातांनी १५ फेब्रुवारी २००८ ला सुरू केलेलं हे मराठीतलं ब्रेल पाक्षिक. "त्यात मजकूर सरका असते," त्यांनी सांगितलं. पुतण्यानं खाली बसून पट्टी सोडवली.

आणि मग तो शेवटचा कप्पा. खरं तर तो कप्पाच नव्हता. सामान संपलं होतं, पैसे संपले होते, म्हणून कोपऱ्यात जुन्या गाद्या उभ्या करून एक खोली केली होती. आत एक खुर्ची. फोन बाहेर ठेवायचा, एकट्यानं आत जायचं, दहा मिनिटं बसायचं. आवाज नाही, वास नाही, ऊनही बेताचं. पुतण्याला कुठल्याशा पुस्तकात जॉन केज भेटला होता. हा अमेरिकन संगीतकार हार्वर्डच्या निःशब्द खोलीत गेला, तिथं त्याला स्वतःच्याच शरीराचे आवाज ऐकू आले, आणि मग १९५२ मध्ये त्यानं चार मिनिटं तेहतीस सेकंदांची अशी रचना केली की वादकानं वाजवायचंच नाही.

त्या खोलीत बडनेऱ्याचा एकही माणूस दहा मिनिटं टिकला नाही. हॅलोजनखाली पेपर वाचणारे म्हातारे दोन मिनिटांत बाहेर. एक पैलवान तर दार लावल्या लावल्या आतून ठोकू लागला. "आत कोनीच नाई ना बाप्पा!" त्याची तक्रार अशी, जणू तिकीट काढून बसलेल्या डब्याला इंजिनच नाही. नळ्यांवर हात ठेवून पैज जिंकलेला पोट्टा घामाघूम होऊन आला आणि सरळ फोनकडे धावला. एका बाईंना आत बसल्यावर गॅस चालू राहिल्याची खात्री पटली. त्या घरी जाऊन बघून आल्या, गॅस बंद होता, तरी त्या पुन्हा आत बसल्या नाहीत. नांदगावकडचा एक शेतकरी बऱ्यापैकी वेळ बसला. बाहेर आल्यावर बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "बाकी समदं मस्त हाये भाऊ. ह्या खोलीत मात्र मले सोसायटीचं कर्ज आठोलं." पुतण्यानं त्याला चहा दिला. मी पाहिलं की त्याचा व्हिडिओ त्यानं घेतला नाही.

अभिप्रायाची वही माझ्याकडे आहे. तिच्यात एकूण प्रेम आहे. 'गोदामात कूलर बसवावा.' 'ठेच्यासोबत पिठलं ठेवावं.' 'गुडघ्यासाठी यंत्र खाली घ्यावं.' 'निळा रंग छान.' आणि बऱ्याच वेगवेगळ्या अक्षरांत एकच सूचना: 'शांततेच्या खोलीत दोन खुर्च्या ठेवाव्यात.'

शेवटच्या दिवशी मुंबईहून त्याचे मार्गदर्शक सर तपासणीला आले. त्यांचं वेटिंग कन्फर्म झालं नव्हतं, त्यामुळे रात्रभर ते दाराजवळ बॅगेवर बसून आले होते. स्टेशनबाहेर ऑटोवाल्यानं त्यांना मागं चौथा बसवलं, मग पुढून आलेल्या सीटसाठी त्यांना उचलून स्वतःच्या डाव्या मांडीशेजारी घेतलं. तिथं एका बाजूला ऑटोवाल्याचं कोपर, दुसऱ्या बाजूला वारा आणि कानाशी डब्याएवढा स्पीकर. पायाखाली कुणाच्या तरी संत्र्याच्या कलमांची जुडी आणि मांडीवर कुणाचं तरी लेकरू. गोदाम जवळच होतं, पण ऑटोवाला आधी बाकीच्या सीटा सोडत गेला, त्यामुळे सरांना जुनी वस्ती, नवी वस्ती आणि मधलं सगळं ऊन पाहायला मिळालं.

सर गोदामात आले तेव्हा त्यांचा चेहरा असा होता की पुतण्याला आयुष्यात पहिल्यांदा योग्य प्रेक्षक भेटला. त्यांनी कप्पे पाहिले, मान हलवली, ठेचा चाखला आणि पाण्याचा तांब्या रिकामा केला. मग टेकून बसले आणि गंभीरपणे म्हणाले, "हे सगळं ठीक आहे. पण ती ऑटोची कल्पना तुला सुचली कशी? प्रेक्षकाला कळूच न देता, कामाची सुरुवात स्टेशनवरच करायची! ते मूल मांडीवर ठेवणं तर फारच धाडसी."

पुतण्या क्षणभर गप्प राहिला. आमच्याच घरातला आहे, तेव्हा फार वेळ राहिला नाही. "बऱ्याच दिवसांपासून डोक्यात होती, सर."

गुण उत्तम पडले. पुतण्यानं प्रामाणिकपणे जाऊन ऑटोवाल्याला सगळं सांगितलं, आभार मानले आणि कॉलेजात जाणाऱ्या अहवालात 'सहकार्य' म्हणून त्याचं नाव घालायची परवानगी मागितली. ऑटोवाल्यानं ऐकून घेतलं, तंबाखू मळली आणि विचारलं, "म्हनजे माही गाडी परीक्षेत पास झाली म्हनतं?"

"हो काका, पहिल्या नंबरानं."

"मंग पुढच्या साली आधी सांगजो," तो म्हणाला, "स्टेपनीपाशी बी दोन सीटा बसवतो."